चार ते सातचे आकडे

धम्मानंद गजभारे यांना कुणी आकडा सांगितला की ते तो परत म्हणून दाखवतात. दवाखान्यात नर्सनं "एकशे चाळीस, नव्वद" म्हटलं की हेही "एकशे चाळीस, नव्वद" म्हणतात आणि ती "बरोबर" म्हणेपर्यंत खुर्चीवरून उठत नाहीत. नर्स नवी असली तर गोंधळते. जुनी असली तर सांगते, "बरोबर काका, उठा आता, मागं लाइन लागली."

ही सवय नोकरीतली. गजभारे मूळचे उमरीचे. जन्म सत्तावन्न सालचा, दीक्षेच्या दुसऱ्या वर्षीचा, म्हणून वडिलांनी हौसेनं नाव ठेवलं धम्मानंद. आयटीआय करून ऐंशी साली ते विजेच्या खात्यात लागले आणि पस्तीस वर्षं मुदखेड रस्त्यावरच्या एका उपकेंद्रात यंत्रचालक राहिले. उपकेंद्रात मोठ्या तारांवरून वीज येते, तिचा दाब उतरवला जातो आणि ती गावोगाव वाटली जाते. यंत्रचालकानं दर तासाला मीटरसमोर उभं राहायचं आणि सुई जिथं असेल तो आकडा लॉगशीटवर लिहायचा. दिवसाच्या चोवीस ओळी. एकही रिकामी ठेवायची नाही.

गजभाऱ्यांकडे आणखी एक काम होतं. आसपासच्या उपकेंद्रांचे आकडे दर तासाला फोनवर घ्यायचे आणि वरच्या नियंत्रण कक्षाला कळवायचे. हा फोन गावातल्या फोनसारखा नव्हता. विजेच्या तारांवरूनच आवाज जायचा. त्याला कॅरियर म्हणत. कुणीही रिसीव्हर उचलला की त्याला सगळ्यांचं बोलणं ऐकू येई, त्यामुळे त्यावर खासगी असं काही बोलता येत नसे.

लातूरच्या उपकेंद्रात शेख जिलानी असायचे. दोघांच्या पाळ्या बहुतेक वेळा जुळत.

"नांदेड."

"लातूर. लिखो. भार बासष्ट."

"बासष्ट."

"बरोबर. दाब एकशे एकोणतीस."

"एकशे एकोणतीस."

"बरोबर. चाय हुई?"

"ठिवली चुलीवर."

मग कुठून तरी तिसराच आवाज येई, "आमच्यासाठी बी ठेवा हो गजभारे," आणि सगळ्या लाइनवर हसणं पसरे.

कधीकधी लातूरचा फोन उचलला जात नसे. जिलानी बाहेर तारांच्या यार्डात असत, नाहीतर नमाजला. रकाना रिकामा राहिला तर साहेब ओरडत, म्हणून अशा वेळी सगळे यंत्रचालक मागच्या तासाचाच आकडा पुन्हा लिहीत. त्याला 'मागचा लावणे' म्हणत आणि त्यात कुणाला काही वाटत नसे. गजभाऱ्यांना वाटे. त्यांनी जिलानींशी बोलून एक ठराव केला. लावलेल्या आकड्यावर डोक्याशी बारीक टिंब द्यायचं. टिंब असेल तर तो आकडा मागचा, नसेल तर खरा. हे दोघांतच होतं. एका ज्युनिअर इंजिनिअरनं एकदा विचारलं होतं, "गजभारे, तुमचा पेन गळतो का?" त्यांनी हो म्हणून सांगितलं.

चौदा वर्षं ते असे रोज बोलले आणि एकमेकांना पाहिलं नव्हतं. पुढे जिलानींची बदली उदगीरला झाली, घर मात्र लातुरातच राहिलं, मग उपकेंद्रांत कॉम्प्युटर आले, आकडे आपोआप जाऊ लागले. तरी ईदला एक फोन आणि चौदा एप्रिलला एक फोन, हे चुकलं नाही.

भेट झाली ती दोन हजार चारमध्ये. गजभाऱ्यांची लुंबिनी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि त्या वर्षी मराठवाड्यात चांगल्या मार्कांच्या पोरांना एकच रस्ता होता. लातूर. अकरावी, बारावी, क्लास. गजभाऱ्यांनी तिथली दोन-तीन वसतिगृहं पाहिली. एकेका खोलीत सहा-सहा मुली, भिंतीला भिंत लागून. त्यांना ते पटलं नाही. लातुरात त्यांच्या ओळखीचा माणूस म्हणजे एक आवाज होता. ते पत्ता विचारत जिलानींच्या दारात गेले.

दार उघडलं ते जेमतेम पाच फुटांच्या माणसानं. गजभाऱ्यांनी विचारलं, "शेख जिलानी हायत का?"

"मैं ही," तो माणूस म्हणाला, आणि चौदा वर्षं ऐकलेला घुमणारा आवाज त्या एवढ्याशा देहातून बाहेर आला. गजभारे नुसते बघत राहिले.

आतून जिलानींची बहीण जन्नतबी लंगडत आल्या. "सब को ऐसाच होता," त्या म्हणाल्या. "आवाज शेर का, और निकलता ये."

लुंबिनी दोन वर्षं त्या घरात राहिली. जिलानींना ती चाचा म्हणे आणि जन्नतबींना फुफी. परीक्षेच्या दिवसांत जिलानी पहाटे उठून तिला चहा करून देत आणि समोर पेपर वाचत बसत, म्हणजे तिला एकटं वाटू नये. ती डॉक्टर झाली नाही. इंजिनिअर झाली, तीही विजेची, आणि आता नांदेडच्या एका कॉलेजात शिकवते. गजभाऱ्यांची बायको गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच.

गेल्या वर्षी तिनं वडिलांना आपली प्रयोगशाळा दाखवायला नेलं. टेबलावर एक पेटी होती, पडद्यावर दोन रेघा लाटांसारख्या सरकत होत्या.

"ही पेटी म्हणजे नांदेडकडची अर्धी ग्रिड," ती म्हणाली. "खरी न्हाई, हिशोबातली. खऱ्या तारांवर जे होईल ते ही त्याच वेगानं करून दाखवते. उरलेली अर्धी लातूरच्या कॉलेजात, सिद्धेश्वर सरांकडं. दोन्ही मिळून एकच ग्रिड व्हायची तर यांनी सारखं एकमेकींशी बोलायला पाहिजे. इकडचा दाब तिकडं, तिकडचा प्रवाह इकडं. सेकंदाला हजार-हजार वेळा."

"मंग बोलतंय कोण?"

"एक सॉफ्टवेअर आहे. बाहेरदेशातल्या एका विद्यापीठानं केलेलं, पण उघडं. कुणीही फुकट घ्या, आतलं सगळं वाचा, चूक दिसली तर दुरुस्त करून परत द्या. ते इथला आकडा उचलतं, त्याच्यावर वेळ टाकतं, नंबर टाकतं आन् इंटरनेटवरून लातूरला देतं."

गजभाऱ्यांनी पडद्याकडे नीट पाहिलं. "तिकडचा परत म्हणून दावतो का?"

"तेवढा वेळच नसतो, पप्पा. एकदा पाठवला की पाठवला."

"आन् वाटंत हरवला तर? आलाच न्हाई तर?"

"तर मागचाच धरून पुढं चालायचं. थांबता येत न्हाई."

"मागचाच लावून ऱ्हायलात म्हणा की," गजभारे म्हणाले. तीस वर्षांपूर्वीचा शब्द होता, पण जागेवर होता. "पण मंग बघणाऱ्याला कसं कळतं, हा खरा का लावलेला?"

लुंबिनीनं पडद्याकडे पाहिलं. "कळत न्हाई," ती म्हणाली.

"टिंब द्या की मंग."

ती हसली. मग तिचं हसणं थांबलं आणि तिनं स्टूल ओढून विचारलं, "कसलं टिंब?"

ते टिंब सॉफ्टवेअरमध्ये घालायला तिला तीन आठवडे लागले. आकडा धरून ठेवलेला असेल तर त्याच्यासोबत तशी एक खूण जाईल, एवढंच काम. पण परदेशातल्या माणसांनी शंभर प्रश्न विचारले, दोनदा परत पाठवलं, नावं बदलायला लावली आणि शेवटी घेतलं. सोबतच्या टिपणात तिनं लिहिलं होतं, की ही पद्धत नांदेड आणि लातूरच्या उपकेंद्रांतल्या दोन यंत्रचालकांची आहे. गजभाऱ्यांनी त्या पानाची छापील प्रत काढून घेतली. शेजारच्यांना दाखवली. त्यांना ती कळली नाही, पण चहा झाला.

अडचण तिथून सुरू झाली.

टिंबाचा उपयोग कसा होतो हे दाखवायला लुंबिनीला जुने खरे आकडे हवे होते. गजभाऱ्यांच्या पलंगाखाली पत्र्याची पेटी होती. त्यांच्या पाळीतल्या लॉगशीटच्या कार्बनप्रती त्यांनी त्यात जपल्या होत्या. तिनं एक्क्याण्णव ते पंच्याण्णवचे कागद काढले, टिंबांसकट विद्यार्थ्यांकडून टाइप करून घेतले आणि त्यातला एक दिवस निवडला. तीस सप्टेंबर एकोणीसशे त्र्याण्णव. भूकंपाचा दिवस. एका बाजूचा भार एकदम जातो तेव्हा दोन अर्ध्या ग्रिड एकमेकींना कसं सावरतात, हे तपासायला याहून चांगला दिवस नव्हता. आकडे सॉफ्टवेअरसोबत सगळ्यांसाठी खुले करायची तारीखही तिनं आणि सिद्धेश्वर सरांनी जाहीर करून टाकली. सहा दिवस उरले होते.

दुपारी जेवताना तिनं ताटाशेजारी लॅपटॉप ठेवला.

"पप्पा, हे बघा. भूकंप तीन छप्पनला. तुमच्या कागदावर लातूरचा आकडा तीनला बासष्ट. चारला एकसष्ट, पाचला साठ, सहाला साठ, सातला त्रेसष्ट. टिंब एकावर बी न्हाई. एवढा भूकंप झाला आन् लातूरची वीज जागची हलली न्हाई?"

"असंल," गजभारे म्हणाले आणि भाकरी मोडली.

"असं कसं असंल? आमची पेटी म्हणून राहिली की भार पडायलाच पाहिजे. दोन दिवस झाले, मी माझ्या हिशोबात चूक हुडकून राहिले."

ती बोटानं पडदा सरकवत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

गजभारे दोन दिवस कमी जेवले. त्यांना नेमकं माहीत होतं की चूक कुठं आहे. बोललं तर जिलानींचं नाव जाणार होतं, आणि त्या माणसानं आपल्या पोरीला दोन वर्षं घरात ठेवून घेतलं होतं. न बोललं तर आपण लिहिलेले खोटे आकडे आपल्या पोरीच्या नावानं जगभर जाणार होते. एकदा खुले झाले की हजार ठिकाणी उतरवले जातात, परत घेता येत नाहीत, हे तिनंच कौतुकानं सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती कॉलेजला निघाली तेव्हा ते दारात उभे राहिले.

"हेलमेट काढ. बस जरा."

ती बसली.

"ते चार आकडे मी मनानं लिवलेत."

त्यांनी सगळं सांगितलं. त्या पहाटे मीटरच्या सुया नाचल्या, काचा वाजल्या आणि सगळं थांबलं. चारला त्यांनी लातूरला फोन लावला. इकडं घंटी वाजल्याचं ऐकू येत होतं, उचलत कुणी नव्हतं. त्यांनी मागचा आकडा लावला, टिंब दिलं. पाचलाही तेच. साडेपाचला वरून कळलं, लातूरकडं, किल्लारीच्या बाजूला गावंच्या गावं बसलीत. तेव्हा त्यांना आठवलं, जिलानींची बहीण त्याच बाजूला दिलेली आहे.

"मला वाटलं, माणूस बहिणीकडं पळाला. पळायलाच पाहिजे होतं. मी बी पळालो असतो. पण उपकेंद्र उघडं टाकून गेला असं झालं असतं तर नोकरी गेली असती त्याची. कागदावर चारदा तोच बासष्ट बघून कुणी विचारलं असतं, चार तास फोन का उचलला न्हाई? म्हणून मी तो कागद फाडला. नवा घातला. थोडे कमी-जास्त करून आकडे लिवले, म्हणजे खरे दिसावेत. त्या गडबडीत वरून कुणीच विचारलं न्हाई."

लुंबिनीनं हेलमेट खाली ठेवलं. मग म्हणाली, "पण चाचा गेले नव्हते, पप्पा."

"तुला काय ठावं? तू पाच वर्षांची होतीस."

"दोन वर्षं मी त्या घरात जेवले. फुफी दर दोन दिवसांनी तेच ऐकवायच्या त्यांना. मला ढिगाऱ्यातून गावातल्या पोरांनी सकाळी दहाला काढलं आन् माझा सख्खा भाऊ अस्सरच्या नमाजला उगवला. चारच्या पुढं. ड्युटी होती म्हणे साहेबांना."

गजभाऱ्यांनी दाराची चौकट धरली.

"ते तिथंच होते," ती म्हणाली. "मग फोन का उचलला न्हाई, हे त्यांनाच विचारायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दोघं लातूरला गेले. जिलानींची गल्ली आता ओळखू येत नाही. दोन्ही बाजूंना चार-चार मजले चढलेत, प्रत्येक मजल्यावर क्लास, अभ्यासिका किंवा मुलींच्या खोल्या, आणि विजेच्या खांबांवर गुणवंतांचे फोटो लावलेले. जन्नतबींची खानावळ तळमजल्यावर आहे. दुपारची पंगत उठली होती. त्या पाटावर बसून उद्याची डाळ निवडत होत्या, आणि जिलानी खुर्चीत, त्र्याहत्तर वर्षांचे, आणखी एवढेसे झालेले.

"आओ गजभारे! बिना फोन किये?" आवाज मात्र तोच होता. "बेटी, तू दुबली हो गई. क्या खिलाते तेरे कू नांदेड में?"

पाणी झालं, चहा झाला. गजभाऱ्यांना सुरुवात करता येईना. ते कपाकडे बघत राहिले. शेवटी लुंबिनीच म्हणाली, "चाचा, भूकंपाच्या दिवशी सकाळी तुमी ड्युटीवरच होता ना?"

"हौ जी, ड्युटीवरच!" जिलानींच्या आधी जन्नतबी बोलल्या. "बहन पत्थरों के नीचे, और साहब मीटर देखते बैठे. मैं मर गई होती तो बी ये पाळी बदलल्यावरच रोए होते."

"कोई आया नै ना बदली को," जिलानी हळू म्हणाले. तीस वर्षांत किती वेळा दिलं असेल हे उत्तर. "यार्ड खुला छोडके कैसा जाता? तार तुटून पडली असती, दस लोगां मरते. बारा वाजता दुसरा आया, तब निकला."

"मग कॅरियर?" गजभाऱ्यांनी विचारलं. "मी चारदा फोन लावला जिलानीभाई. घंटी वाजत होती."

"तुम्हारे इधर बजती होगी. मेरा सेट टेबल पर से गिरा पहले झटके में. दोन तुकडे. दो दिन लाइन पे मैं बहरा था." मग त्यांचा चेहरा बदलला. "क्यों? तुम क्या समझे?"

गजभाऱ्यांनी सांगितलं. फाटलेला कागद, नवा कागद, चार आकडे. जन्नतबींच्या हातातली डाळ थांबली.

जिलानी खुर्चीत पुढे सरकले. "वो आकडे तुमने मेरे वास्ते लिखे?"

"हाव."

"या अल्ला," जिलानी म्हणाले. "मैं समझा तुम सो गये थे."

मग दुसरी बाजू निघाली. महिनाभरानं आकड्यांचं एकत्र पत्रक सहीसाठी लातूरला आलं, तेव्हा जिलानींनी आपल्या नावापुढचे चार आकडे पाहिले. एकसष्ट, साठ, साठ, त्रेसष्ट. त्यांच्या स्वतःच्या लॉगशीटवर वेगळेच होते, कारण ते त्यांनी मीटरसमोर उभं राहून लिहिले होते. त्यांना वाटलं, जागे असते तर गजभाऱ्यांनी मागचा लावून टिंब दिलं असतं; त्यांचा डोळा लागला आणि मग घाबरून त्यांनी काहीतरी ठोकून दिलं. त्या वर्षी गजभाऱ्यांचं नाव बढतीच्या यादीत होतं. दोन्ही कागद समोरासमोर आले असते तर खोट्या नोंदीबद्दल चौकशी लागली असती.

"तो मैं ने नया कागद लिया," जिलानी म्हणाले. "तुम्हारे आकडे उतार लिये. सही की."

"आन् जुना?" लुंबिनीनं विचारलं. "चाचा, खरा कागद कुठंय?"

"चूल्हे में डाला."

"उस पे मेरी चाय बनी होगी," जन्नतबी म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या. लुंबिनीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. तीही हसत होती की काय ते कळत नव्हतं.

"तुमी एकमेकांना विचारलं का न्हाई?" ती म्हणाली. "रोज बोलत होता ना?"

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. कॅरियरवर? जिथं सगळा जिल्हा ऐकत बसलेला? पत्रकावर सही केल्याच्या दुसऱ्या दिवशी जिलानी लाइनवर आले तेव्हा एवढंच म्हणाले होते, "गजभारे, आकडे बरोबर हैं. फिकर मत करो." आणि गजभारे म्हणाले होते, "तुमी बी फिकर करू नका." त्यात दोघांचंही समाधान झालं होतं. नंतर विचारायचं म्हणजे केलेल्या उपकाराची आठवण करून देण्यासारखं, आणि ते दोघांच्याही स्वभावात नव्हतं. मात्र जिलानींनी कधी आभाराचा एक शब्द बोलून दाखवला नाही, हे गजभाऱ्यांना अधूनमधून खटकत आलं होतं. आता कळलं की तिकडंही तेच खटकत होतं.

लुंबिनीनं लॅपटॉप उघडला. हातात वेळ दोनच दिवस होता.

"चार बजे जीरो लिख," जिलानी म्हणाले. "सुई पडी थी. मैं ने देखा."

"आणि पाचला?"

जिलानींनी डोळे मिटले. "पाचला... एक फीडर लगा था शायद, गावों की एक लाइन. बीस? नै. याद नै."

"मग मी शून्य बी लिहिणार न्हाई चाचा. कागदावर असलेलं लिहायचं, न्हाईतर रिकामं."

"मैं झूट बोलता क्या?"

"न्हाई. पण तुमी आठवणीतून सांगून राहिलात. ते वेगळं."

जिलानी गजभाऱ्यांकडे वळले, पण गजभारे पोरीच्या बाजूचे होते. तिनं चारही रकाने पुसले. रिकामे रकाने घेऊन तो दिवस तिच्या तपासणीच्या कामाचा उरला नाही. तिनं सिद्धेश्वर सरांना फोन करून तसं सांगितलं. दुसरा कुठला तरी दिवस घेऊ, एखादा साधा पावसाळी बिघाड. तिकडून बराच वेळ कुरकुर ऐकू आली. मग ती टीप लिहायला बसली आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवली.

"तीस सप्टेंबर त्र्याण्णव, पहाटे चार ते सकाळी सात, लातूर. आकडे उपलब्ध नाहीत. एकमेकांना वाचवण्यासाठी दोन्ही यंत्रचालकांनी मूळ नोंदी बदलल्या."

"वाचवण्यासाठी काढ," जिलानी म्हणाले. "कोई डूब नै रहा था."

"माझं एकट्याचं नाव टाक," गजभारे म्हणाले. "सुरुवात मी केली."

"कायकू? मेरे हात से उतारे मैं ने. दोनों का डाल. पूरा नाम. शेख जिलानी वल्द शेख इमाम."

तिनं दोन्ही नावं घातली. दोन्ही यंत्रचालकांनी मूळ नोंदी बदलल्या, एवढंच वाक्य राहिलं.

तोवर अस्सरची अजान झाली होती. जिलानी उठले आणि दाराशी जाऊन थांबले. पाठ या लोकांकडेच होती.

"तीस साल तुम मेरे को भगोडा समझे, गजभारे."

"तुमी मला झोपाळू समजलात की."

"नींद अलग बात है. भागना अलग." ते आत गेले आणि दार लोटलं.

गजभारे उठून उभे राहिले, पुन्हा बसले. लुंबिनीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिनं लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली, सावकाश, गरजेपेक्षा जास्त वेळा.

"बैठो भाई," जन्नतबी म्हणाल्या. "रूठता ऐसाच. मेरे पे बी रूठता. फिर खुदीच आता."

जिलानी वीस मिनिटांनी बाहेर आले. टोपी अजून डोक्यावरच होती.

"एक बात बताओ. भागा समझते थे, फिर बेटी को मेरे घर में कैसे रखा? दोन साल?"

गजभाऱ्यांना विचार करावा लागला नाही. "म्हणूनच ठिवली. मला वाटलं, बहिणीसाठी नोकरी टाकून पळणारा माणूस हाय. अशाच घरात पोरगी ठिवावी."

जिलानींनी टोपी काढून हातात घेतली. जन्नतबींनी मात्र डाळीची परात खाली ठेवली आणि भावाकडे हात केला. "लो! और ये तो भागाच नै था!"

पहिलं हसू जिलानींनाच फुटलं, तो मोठा आवाज एवढ्याशा अंगातून, आणि मग त्यांना ठसका लागला. गजभाऱ्यांनी उठून त्यांची पाठ थोपटली. लुंबिनीनं पाणी आणलं.

साडेपाचची नांदेडची गाडी होती. जिलानींनी चप्पल घातली. गुडघ्याचं निमित्त काढून बहिणीनं अडवलं, तरी थांबले नाहीत. बाहेर क्लास सुटले होते. पाठीवर बॅगा घेतलेली मुलं-मुली अख्खी गल्ली भरून समोरून येत होती, आणि दोन म्हातारे त्यांच्या विरुद्ध दिशेनं स्टँडकडे निघाले होते. लुंबिनी पुढं होती, वाट काढत.

"गाडी का नंबर क्या है?" जिलानींनी विचारलं.

"ते स्टँडवर बघू."

"और ये ईद को आना. फोन नक्को. आना."

"येतो," गजभारे म्हणाले.

एका सायकलीनं त्यांना बाजूला व्हायला लावलं. जिलानींनी त्यांचा दंड धरला, आणि गर्दी संपल्यावरही तो सोडला नाही.